‘कै.’ काही केल्या सेव्ह होईना

इथले अनुभव मी बरेच दिवस वाचतेय. घाटातली पांढऱ्या साडीतली बाई, बंद खोलीतले पैंजण, वडाखालचा म्हातारा... खरं सांगू? निम्म्या ठिकाणी मला हसू येतं, आणि उरलेल्या ठिकाणी वाटतं की लिहिणाऱ्याने वेळेवर जेवून झोपायला हवं होतं. मी फिजिक्सची. घरात दृष्ट काढायलासुद्धा माझा विरोध, त्यामुळे सासूबाई माझी पाठ फिरली की मुलांवरून मीठ-मोहऱ्या ओवाळून घ्यायच्या. भूत या गोष्टीवर माझा तेव्हाही विश्वास नव्हता, आजही नाही.

माझ्या अनुभवात भूत नाहीच. अंधारही नाही. भर दिवसा, ट्यूबलाइटखाली, खालच्या दुकानातून फाफड्याचा वास येत असताना घडलेली गोष्ट आहे ही. नावं बदलली आहेत. बाकी सगळं जसंच्या तसं.

गाव बडोदा, जागा रावपुरा, काळ नव्वदीच्या दशकाचा मध्य. तेव्हा गल्लोगल्ली कॉम्प्युटर क्लास निघाले होते. मी शिकवायचे तो क्लास ठाकोरभाईंचा. फरसाणच्या दुकानावर पहिला मजला, चपला बाहेर काढायच्या, आत सहा-सात मशीन. ठाकोरभाईंचा पिढीजात धंदा कापडाचा. कॉम्प्युटर चालू कसा करतात हेही त्यांना ठाऊक नव्हतं, पण ‘आमां फ्युचर छे’, यातच भविष्य आहे, एवढं पक्कं माहीत होतं. माणूस सोन्यासारखा. फक्त एक सवय... दुपारी बडोद्यातली दुकानं जेवायला बंद होतात, तशी आमचीही व्हायची, आणि वेळ झाली की ठाकोरभाई जिन्याजवळच्या मेन स्विचपाशी उभे राहून ओरडायचे, “बेन, जमवानो टाइम थयो. मेन बंध करुं छुं हं!” आणि खटकन स्विच खाली. मग बोर्डाला हात जोडून घरी जेवायला. शॉर्ट सर्किटची त्यांना भयंकर धास्ती होती.

इथे थोडं टेक्निकल सांगायलाच हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. त्या काळच्या हार्ड डिस्क मंद होत्या. म्हणून मशीनमध्ये एक छोटा प्रोग्रॅम चालवायचे – कॅश. तुम्ही काही सेव्ह केलंत की तो ते आपल्याजवळ, मेमरीत ठेवून घ्यायचा आणि तुम्हाला लगेच सांगायचा, ‘झालं’. खरं म्हणजे झालेलं नसायचं. डिस्कवर तो ते सवडीने लिहायचा. मिस्टरांकडे पत्र पेटीत टाकायला द्यावं, त्यांनी “टाकलं” म्हणावं, आणि पत्र शर्टाच्या खिशातच असावं – तसा प्रकार. तेवढ्यात वीज गेली, किंवा ठाकोरभाईंना भूक लागली, की ते पत्र कायमचं गेलं. आमच्या विद्यार्थ्यांची कितीतरी मेहनत अशी वाया गेली होती. त्यात अमानवीय काहीच नव्हतं. कॅश वस्तू हरवते, हे मला पाठ होतं.

आता माणसांकडे येते.

माझं माहेर घडियाळी पोळात, म्हणजे जुन्या बडोद्यातल्या दाटीवाटीच्या घरांच्या एका गल्लीत. आमच्या समोरच्या घरात सुमतीकाकी राहायच्या, शाळेत ड्रॉइंग शिकवायच्या. त्यांचे यजमान वसंतकाका सरकारी कचेरीत होते. अबोल माणूस. शेवटी शेवटी तर बोलणं फारच कमी झालं होतं, जेवताना ताटाकडे बघत बसायचे. एके सकाळी कापडी पिशवी घेऊन “पापडी घेऊन येतो” म्हणून निघाले, ते परत आलेच नाहीत. पोलीस झाले, पेपरात फोटो झाला, डाकोर-नाशिक-काशी सगळीकडे माणसं पाठवून झाली. काही म्हणजे काही कळलं नाही.

काकी कुंकू लावत राहिल्या. मंगळसूत्रही गळ्यात. पहिली काही वर्षं कुणी काही बोललं नाही. मग हळदीकुंकवाला, करंडा घेतलेल्या बाईचा हात काकींपर्यंत येऊन किंचित थबकायला लागला. लावायचं की नाही? लावायचे, पण थबकून. लग्नाआधीपासून मी ते पाहत आले होते आणि प्रत्येक वेळी माझं डोकं फिरायचं. काकी मात्र मान जराशी पुढे करून शांत बसून राहायच्या.

वसंतकाकांचे थोरले भाऊ, नाना, त्याच घरात वरच्या मजल्यावर राहायचे; त्यांची मुलगी शैला लग्नाची झाली होती. आमच्या मराठी मंडळाच्या कमिटीवर होते. मंडळ दर काही वर्षांनी गावातल्या मराठी घरांची ‘कुटुंब-सूची’ छापायचं – घरातली माणसं, शिक्षण, नोकरी, पत्ता. स्थळ आलं की बडोद्यातल्या मराठी घरात आधी पत्रिका नाही, सूची काढतात. त्या वर्षी सूची कॉम्प्युटरवर करायची ठरली आणि काम माझ्याकडे आलं. क्लासच्या एका मशीनला देवनागरीसाठी वेगळं कार्ड बसवलेलं होतं, त्यावर मी रोज थोडी थोडी कुटुंबं भरत होते. काकींचं कुटुंब काकींनीच लिहून दिलं होतं, तसंच मी भरलं. श्री. वसंत. सौ. सुमती.

एक दिवस दुपारच्या जरा आधी नाना क्लासवर आले. खुर्चीत बसले, घाम पुसला.

“माधवी, आमच्या वसंताचं ‘श्री.’ काढ. ‘कै.’ कर. आणि सुमतीचं ‘श्रीमती’.”

मी बघतच राहिले. “काही कळलं का, नाना?”

“काय कळायचंय आता? बारा वर्षं झाली. गुरुजींना विचारलंय, पालाशविधी करून घ्यायचा. पळसाच्या पानांचा पुतळा करतात, त्याला अग्नी द्यायचा, की झालं. ...अगं, शैलाला बघायला येतात ने, पहिला प्रश्न – काका काय करतात? काय सांगू? निघून गेला म्हटलं की चेहरे बदलतात. वारले म्हटलं की पुढच्या गोष्टीला लागतात.”

“आणि काकी?”

“विचार तिला. तयार आहे ती.”

मी त्याच संध्याकाळी विचारणार होते, पण नाना समोर बसलेले, तिथून हलेनात. मी रेकॉर्ड उघडला, बदललं, सेव्ह केलं. तेवढ्यात ठाकोरभाईंची हाक आली आणि खटकन अंधारलं. जेवून येऊन बघते तर ‘श्री.’ आणि ‘सौ.’! मला हसूच आलं. कॅशचा प्रताप, दुसरं काय.

संध्याकाळी काकींकडे गेले. त्या मुलांची चित्रं तपासत बसल्या होत्या.

“हो, मीच हो म्हटलं,” काकी म्हणाल्या. “थकले ग मी. बायका विचारत नाहीत, पण माझ्या कपाळाकडे बघतात. छापून आलं म्हणजे सगळ्यांनी एकदम वाचलेलं असेल, एकेकीला सांगत बसायला नको.” मग हातातला खडू पेटीत ठेवत म्हणाल्या, “आत्ता नाही पुसणार पण. पुस्तक छापून हातात आलं की पुसते. शैलाचं अडायला नको माझ्या कुंकवापायी.”

घरी येऊन मी खूप रडले. ते कुंकू आता माझ्या दोन अक्षरांवर येऊन ठेपलं होतं आणि टाइप मलाच करायचं होतं.

दुसऱ्या दिवशी केलं. या वेळी नीट. सेव्ह केलं, प्रोग्रॅममधून बाहेर आले, डिस्कचा लाल दिवा विझेपर्यंत थांबले, वर आणखी थोडं थांबले. त्यानंतर इतर कुटुंबंही भरली. सकाळी उघडलं. नंतर भरलेली कुटुंबं जागच्या जागी होती. काकींचं मात्र – श्री. वसंत, सौ. सुमती.

आता कॅश सगळं क्रमाने लिहीत नाही, तिच्या सोयीने मागे-पुढे करते. त्यामुळे नंतरचं राहावं आणि आधीचं जावं, हे अगदी अशक्य नाही. मी स्वतःला हेच सांगितलं.

तिसऱ्या वेळी मी हट्टालाच पेटले. मशीन सुरू होताना आपोआप जे प्रोग्रॅम चालतात त्यांच्या यादीतून कॅशची ओळच उडवली. म्हणजे आता मधे कुणी नाही – सेव्ह म्हटलं की थेट डिस्कवर. नानांना शेजारी बसवलं. बदल केला, सेव्ह केलं, मशीन बंद केलं, पुन्हा चालू केलं. स्क्रीनवर ‘कै. वसंत’. नानांनी डोळे मिटून घेतले... आनंद नव्हता हो त्यांच्या चेहऱ्यावर, सख्ख्या भावाचं नाव होतं ते. मी एक प्रिंट काढून दिली, फाइलची कॉपी फ्लॉपीवर घेतली आणि फ्लॉपी पर्समध्ये टाकून घरी नेली.

सकाळी मशीनमध्ये ‘श्री.’ मी फ्लॉपी घातली. फ्लॉपीतही ‘श्री.’

ती फ्लॉपी पर्ससकट रात्रभर माझ्या उशाशी होती! डिस्क तपासायचा प्रोग्रॅम चालवला, एकही खराब जागा निघाली नाही. क्लासच्या किल्ल्या दोनच, एक माझ्याकडे, एक ठाकोरभाईंकडे, आणि ठाकोरभाई म्हणजे... सांगितलंच वर. त्यांना मी सगळा प्रकार सांगितला तर त्यांनी विचार केला आणि म्हणाले, “बेन, मशीन ना पाडे छे. तमे शुं काम जीद करो छो?” मशीन नाही म्हणतंय, तुम्ही कशाला हट्ट करता! मी त्यांच्यावर चिडले. फिजिक्सवालीने काय करायचं अशा वेळी? चिडायचं.

नाना माझ्यावर चिडले. “तूच करतेस हे. सुमती तुला जवळची, ठाऊक आहे मला. पण माझ्या पोरीचं स्थळ गेलं तर तू आणून देणार आहेस?” मी शपथ घेतली नाही, कारण शपथांवर माझा विश्वास नाही. नुसतं “नाही हो नाना” म्हणत राहिले. त्यांना ते पटलं नाही.

मग काकीच आल्या. त्या आधी क्लासवर कधी आल्या नव्हत्या. दारात चपला काढल्या, पदर सावरून माझ्या शेजारी बसल्या, म्हणाल्या, “दाखव.” मी रेकॉर्ड उघडून दाखवला. हिरव्या अक्षरांतलं नवऱ्याचं नाव त्यांनी बराच वेळ वाचलं.

“किती वेळा केलंस?”

“तीनदा.”

“याला कोण काय सांगतं?”

“कोणी काही नाही, काकी. आपण टाइप करतो तेवढंच त्याला कळतं.”

काकी म्हणाल्या, “शाळेत एखादं पोर तीनदा नाही म्हणालं ने, तर मी चौथ्यांदा सांगत नाही. काहीतरी कारण असेल म्हणते. राहू दे हे असंच.”

“नाना...”

“त्यांना मी सांगते.”

काय सांगितलं कोण जाणे, पण नाना पुन्हा क्लासवर आले नाहीत. पालाशविधीही पुढे ढकलला गेला. मी संपूर्ण सूचीची प्रूफं काढली, त्यात श्री. वसंत, सौ. सुमती असंच. प्रूफं मंडळाच्या कार्यवाहांनी वाचली, किरकोळ चुका काढल्या. त्या दुरुस्त करून मी फाइल सेव्ह केली, शेवटची खात्री म्हणून काकींचं पान पुन्हा छापून पाहिलं. श्री. आणि सौ. ते पान ड्रॉवरमध्ये ठेवलं आणि मशीन बंद केलं. त्यानंतर छापखान्याचा निरोप येईपर्यंत काही दिवस त्या मशीनला मी हात लावला नाही. देवनागरी कार्डामुळे विद्यार्थ्यांनाही त्यावर बसू देत नसू.

निरोप आला, त्या सकाळी मी छापखान्यासाठी शेवटची प्रिंट काढायला बसले. मागे मुलं बेसिकचे प्रोग्रॅम बडवत होती. पानं निघत होती, मी वरवर नजर टाकत बाजूला ठेवत होते. घडियाळी पोळाचं पान आलं.

कै. वसंत. श्रीमती सुमती.

पहिल्यांदा मनात काय आलं असेल? ‘चला, झालं एकदाचं.’ खरंच, असंच आलं. आणि मग कळलं की हे मी केलेलं नाही. ड्रॉवर उघडला. जुनं पान होतं तिथेच, श्री. आणि सौ. फाइलची तारीख पाहिली तर शेवटच्या दुरुस्तीचीच, त्यानंतर फाइल कुणी सेव्ह केल्याची खूण नाही. कॅश तर केव्हाची काढून टाकलेली. आणि असती तरी काय? मेमरीतलं सगळं मशीन बंद झालं की जातं. कॅश उशीर करू शकते, हरवू शकते. आठवड्यांपूर्वी सांगितलेलं, मधे इतक्यांदा वीज जाऊन आलेली असताना, मनात धरून ठेवून एका सकाळी लिहू शकत नाही.

मला वाटलं नानांनीच कुणाकडून तरी करून घेतलं. रागच आला. जेवायच्या सुट्टीत मोपेड काढून मी सरळ घडियाळी पोळात गेले, आज नानांना विचारायचंच म्हणून.

पोळाच्या तोंडाशी एक जीप उभी होती. काकींच्या ओट्यावर बायका. आत पांढऱ्या कपड्यातले दोन अनोळखी पुरुष जमिनीवर बसलेले. नर्मदाकाठच्या एका आश्रमातून आले होते ते. वसंतकाका इतकी वर्षं तिथे होते. पाणी भरायचे, फुलं गुंफायचे, कुणाशी बोलायचे नाहीत. नाव-गाव कधी सांगितलं नाही. तापाने आजारी पडले तेव्हा, अगदी शेवटी शेवटी, घडियाळी पोळ आणि भावाचं नाव एवढं बोलले होते. मी प्रिंट काढायला बसले त्याच दिवशी सकाळी गेले.

नाना जिन्याच्या खालच्या पायरीवर कठडा धरून बसले होते. मला पाहून म्हणाले, “माधवी, आता बदल ग ते.” आवाज ओळखू येत नव्हता. “आता खरंच ‘कै.’ कर.”

“नाना, ते... झालंय. सकाळीच. मी नाही केलं.”

ते माझ्याकडे बघत राहिले. “मीही नाही,” म्हणाले, आणि मग लहान मुलासारखे मोठ्याने रडायला लागले. मला त्यांच्यावर राग धरून आल्याची फार लाज वाटली.

काकी भिंतीला टेकून बसल्या होत्या. कपाळावर कुंकू. एक वयस्क बाई त्यांच्याजवळ सरकली, हात पुढे करायला लागली – पद्धतच असते ती. काकींनी तिचा हात धरून थांबवला आणि आश्रमातल्या माणसांना विचारलं, “आज सकाळपर्यंत होते?”

“हा माई. सूरज ऊग्या पछी गया.” सूर्य उगवल्यावर गेले.

“काल होते?”

“होते.”

“संक्रांतीला होते? मागच्या? त्याच्या मागच्या?”

तो माणूस गोंधळला. “माई, बधां वरस हता. सगळी वर्षं, तिथेच, आमच्यात.”

काकींनी ओट्यावरच्या बायकांकडे पाहिलं. एकेकीकडे. “ऐकलंत ने सगळ्यांनी? होते.” आणि मग स्वतःच्या पदराने, स्वतःच्या हाताने, कुंकू पुसलं.

सूची ‘कै.’ अशीच छापली गेली. शैलाचं पुढे चांगल्या घरी जमलं. मीही त्यानंतर पुष्कळ वर्षं कॉम्प्युटरमध्येच काढली, आणि हा प्रकार मोठमोठ्या लोकांना विचारला. कुणी म्हणालं डिस्क खराब, कुणी म्हणालं कुणीतरी खोडसाळपणा केला, एकाने तर तुम्हीच बदललं आणि विसरलात असंही सांगितलं. एकेका गोष्टीला एकेक कारण मी पण देऊ शकते. सगळ्याला मिळून एक कारण मला आजतागायत मिळालेलं नाही, आणि तुमच्यापैकी कुणाकडे असेल तर मला खरोखर हवंय.

पण मला जो प्रश्न छळतो तो हा नाहीच. दिवस-कार्य उरकल्यावर मी काकींना सगळं सांगितलं – तारीख, ड्रॉवरमधलं पान, सगळं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. घाबरल्या नाहीत, हात जोडले नाहीत.

“म्हणजे तुझ्या मशीनला माझ्या आधी कळलं,” त्या म्हणाल्या. “मी चहा करत होते ग त्या वेळी. दूध उतू जाईल म्हणून बघत उभी होते. बारा वर्षं वाट बघितली, आणि मला काहीच कसं जाणवलं नाही?”

मी त्यांचा हात हातात घेऊन बसले.